डिझाईन शिकायचे, पण कोणत्या सॉफ्टवेअरवर?

बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटरवर डिझाईन शिकायचे असते. क्लासवाले हजारो रुपये फी सांगतात आणि आई-वडील उसनवारीच्या विचारात पडतात. अशा पालकांना आमचे सांगणे एवढेच, की फी भरण्याची घाई करू नका. आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर निवडा.

हे काम दोन तऱ्हेचे असते. फोटो बारीक ठिपक्यांचा बनतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. लहान फोटो फार मोठा केला, की तो फाटतो. ४ बाय ६ इंचांचा फोटो नीट छापायचा तर साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, मंडळाचे बोधचिन्ह ही कामे मात्र रेषांनी करतात. ती कितीही मोठी केली तरी स्वच्छच राहतात.

फोटोच्या कामाला 'गिम्प' घ्यावे, रेषांच्या कामाला 'इंकस्केप'. गिम्प १९९६ पासून, तर इंकस्केप २००३ पासून लोकांना मिळते. दोन्ही फुकट आणि कायदेशीर आहेत. इंटरनेट असेल तर 'फोटोपी' ब्राउझरमध्येच चालते व फोटोशॉपची फाईलही उघडते. 'कॅनव्हा' मोबाईलवर सोपे आहे. पण तयार नमुन्यात नावे बदलून हात बसत नाही.

२०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच मिळतात. म्हणून कोणी चोरीची प्रत टाकून देतो म्हणाला, तर नको म्हणा. ती बेकायदा असते आणि तिच्याबरोबर व्हायरसही घरात येऊ शकतो.

आपल्याकडे अनेक छापखान्यांत कोरलड्रॉ चालते. नोकरी करायची असेल तर पुढे तेही शिकावे लागेल. इंकस्केपवर हात बसला असेल तर ते जड जात नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाईप करावा आणि छापायला देताना अक्षरांचे रेषांत रूपांतर करून पीडीएफ द्यावी. नाहीतर जोडाक्षरे तुटतात आणि छपाईचे पैसे वाया जातात.

घरी कॉम्प्युटर नसेल तर वस्तीतल्या अभ्यासिकेत चौकशी करा. दोन महिने रोज एक तास बसून तीन कामे करून पाहा: आजोबांचा डागाळलेला फोटो साफ करणे, एका दुकानाची पाटी आणि एक लग्नपत्रिका. तिन्ही जमली आणि गोडी टिकली, तर मग क्लासची फी भरायला हरकत नाही. नाही जमली, तर निदान डोक्यावर कर्ज तरी राहणार नाही.