बोली कोणाच्या तोंडी?

जून 2022 मध्ये सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या पंचतारांकित हॉटेलातून आपल्या एका कार्यकर्त्याशी दूरध्वनीवर बोलले आणि ते बोलणे महाराष्ट्रभर ऐकले गेले. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे त्यातील शब्द आता जवळजवळ म्हणीसारखे रुळले आहेत. त्याचे राजकारण करणाऱ्यांनी केले, विनोद करणाऱ्यांनी विनोद केले. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र त्याकडे एक संहिता म्हणून पाहायला हवे, असे मला वाटते. भाषा आणि सत्ता यांचा संबंध शिकवताना आपण परदेशी सिद्धान्तकारांची नावे फळ्यावर लिहितो. येथे उदाहरण घरचे आहे, आणि पुस्तकी उदाहरणांपेक्षा अधिक अडचणीत टाकणारे आहे.

प्रथम लेखनाविषयी. हे संभाषण छापताना 'डोंगार', 'हाटील', 'ओक्के', 'हाय' असे उच्चाराबरहुकूम छापले गेले. वरवर पाहता हा प्रामाणिकपणा होय. परंतु पुण्याचा पुढारीही 'आलोय', 'सांगितलेलंय' असेच बोलतो, अर्धे स्वर गिळतो, शब्दाला शब्द चिकटवतो. छापून येताना त्याच्या वाक्याला इस्त्री होते: 'मी सांगितले आहे.' लिखित मराठीसारखे कोणीच बोलत नाही. पण काहींचाच उच्चार दाखवण्याजोगा ठरतो. ज्याचा उच्चार दाखवला जातो तो 'पात्र' होतो. ज्याचा झाकला जातो तो 'वक्ता' राहतो.

ही विभागणी वृत्तपत्रांनी शोधून काढलेली नाही. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली केलेल्या आणि पुढे शासनाने स्वीकारलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत तिचा ठसा आहे. 'कोणता', 'एखादा' ही रूपे लिहावीत, 'कोणचा', 'एकादा' लिहू नयेत, असे ते नियम सांगतात. 'असं केलं', 'मी म्हटलं' यांसारखी बोलण्यातली सानुस्वार रूपे पात्राच्या तोंडी अथवा लेखकाच्या बोलण्याच्या ढंगातील निवेदनात चालतात. एरवी 'असे केले' हेच लिहायचे. प्रमाणलेखनाची गरज मी नाकारत नाही (हा लेखही त्याच नियमांना धरून लिहिला आहे). पण या व्यवस्थेत बोलीला जागा मिळाली ती मुख्यतः अवतरणचिन्हांच्या आत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्या ग्रामीण कथात्म साहित्याचा बराच मोठा भाग याच रचनेवर उभा आहे. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (1955) घ्या. वाडीत आलेला तरुण मास्तर निवेदन करतो ते प्रमाण मराठीत. धनगर बोलतात ते माणदेशीत. माडगूळकरांनी त्या माणसांना कुठेही हास्यास्पद केले नाही, आणि हा त्यांचा मोठेपणा आहे. तरीही जगाचा अर्थ लावण्याचे काम एका भाषेकडे आणि त्या जगात राहण्याचे काम दुसरीकडे, ही वाटणी कायम राहते. आनंद यादवांनी 'गोतावळा' (1971) मध्ये नारबाच्या बोलीतच सबंध निवेदन केले तेव्हा हा बांध फुटला. 'गोतावळा' वाचायला कठीण जाते अशी तक्रार करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांतले पुष्कळसे घरी जवळपास तीच भाषा बोलतात! ती ऐकायची असते, छापील पानावर वाचायची नसते, हे त्यांना शाळेनेच शिकवले आहे.

येथवरचा युक्तिवाद सोपा आहे: प्रमाण भाषा सत्ताधारी, बोली दुबळी. गुवाहाटीचे संभाषण हे सोपे समीकरण मोडते. बोलणारा माणूस दुबळा नव्हता. तो 1995 मध्ये गणपतराव देशमुखांचा पराभव करून विधानसभेत गेलेला, 2019 मध्ये पुन्हा निवडून आलेला आणि त्या क्षणी राज्याचे सरकार पाडण्यात सहभागी असलेला लोकप्रतिनिधी होता. शेताच्या बांधावरची भाषा सत्तेच्या ऐन मध्यावर वापरली गेली आणि तिच्या रांगडेपणाने वक्त्याला एक भाबडेपण बहाल केले. लोक हसले. हसण्याच्या भरात बिल कोणी भरले हा प्रश्न मागे पडला. त्या उद्गारांची घडणही पाहा: त्यांत क्रियापद नाही, म्हणून कर्ताही नाही. झाडी आहे, डोंगर आहे, हॉटेल आहे. तेथे कोणी नेले आणि कशासाठी, याला व्याकरणातच जागा नाही. विरोधकांनी पुढे 'पन्नास खोके, एकदम ओक्के' ही घोषणा दिली, तेव्हा तो 'ओक्के' निदान हिशेबाच्या शेजारी तरी येऊन बसला.

कर्ता गाळण्याची कला बोलीपेक्षा शासकीय मराठीला अधिक अवगत आहे. सांगोला तालुक्याला कागदोपत्री जे विशेषण लागते ते 'अवर्षणप्रवण'. 'प्रवण' म्हणजे कल असलेला; जणू कोरडे राहण्याची आवड त्या जमिनीलाच आहे. या शब्दात आभाळ आहे आणि माती आहे. धरण, कालवा, पाण्याचा कोटा ठरवणारी बैठक यांतले काहीच नाही. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या. त्या चळवळीने 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द लावून धरला. त्यातला 'समन्यायी' तत्समच, तोही बोजड. पण वाटप म्हटले की वाटणारा आला आणि ज्याला कमी मिळाले तोही आला. म्हणजे बोलीत बोलले की माणूस जनतेच्या बाजूचा आणि संस्कृतप्रचुर लिहिले की सत्तेच्या बाजूचा, हा आपल्याकडचा लाडका निकष येथे उपयोगी पडत नाही. पाहायचे ते वाक्यात कोणाला उभे केले आणि कोणाला वगळले हे.

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'ग्रामीण कादंबरीतील बोलीचे उपयोजन' हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारतो. त्याच्या शेजारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरील एखादी सूचना द्यावी: 'पुढील आदेशापर्यंत पाणीपुरवठा बंद राहील.' आणि विचारावे, या वाक्याचा कर्ता कोण?