किकरला ‘गोठवणे’ : एका डावपेचाची उलटतपासणी

१/ अमेरिकन फुटबॉलचा सामना संपायला चार-दोन सेकंद उरलेले असतात. विजयाची किक मारण्यासाठी किकर सज्ज होतो आणि नेमक्या त्याच क्षणी प्रतिस्पर्धी प्रशिक्षक टाइमआउट घेतो. थांबलेल्या वेळात किकरच्या मनात भीती शिरावी, हा हेतू. या डावपेचाला तिकडे ‘आयसिंग द किकर’, अर्थात किकरला गोठवणे, असे म्हणतात. #थ्रेड

२/ किक हुकली की समालोचक प्रशिक्षकाच्या चातुर्याचे गोडवे गातात. किक साधली की टाइमआउटचा विषयही निघत नाही. अनुकूल साक्षीदारांचीच जबानी नोंदवणारे न्यायालय जो निकाल देईल, तोच निकाल गेली अनेक वर्षे या डावपेचाच्या बाजूने दिला जात आहे. तो रद्द होण्यास पात्र आहे.

३/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. फील्ड गोलचे ३ गुण. चेंडू दोन उभ्या खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीच्या वरून जावा लागतो. प्रत्येक संघाला पूर्वार्धात ३ आणि उत्तरार्धात ३ टाइमआउट मिळतात. २००४ साली एनएफएलने मुख्य प्रशिक्षकाला मैदानाच्या कडेवरून थेट टाइमआउट मागण्याची मुभा दिली. या एका नियमाने जुन्या डावपेचाला नवी धार आली.

४/ १६ सप्टेंबर २००७. डेन्व्हर विरुद्ध ओकलंड, २०-२० अशी बरोबरी, सामना जादा वेळेत. ओकलंडच्या सेबॅस्टियन यानिकोव्हस्कीने ५२ यार्डांवरून किक साधली. खेळाडूंनी जल्लोष आरंभला. पण चेंडू खेळात येण्याच्या निमिषभर आधी डेन्व्हरचे प्रशिक्षक माइक शॅनाहन यांनी टाइमआउट घेतलेला होता. दुसरी किक खांबाला लागली. डेन्व्हर २३-२० असे जिंकले.

५/ पुढच्याच आठवड्यात ओकलंडचे प्रशिक्षक लेन किफिन यांनी हाच प्रयोग क्लीव्हलंडवर केला. फिल डॉसनची ४० यार्डांची पहिली किक साधली, परंतु टाइमआउटमुळे रद्द झाली, दुसरी फसली. ओकलंड २६-२४ असे विजयी. सलग दोन आठवड्यांत दोन ‘यशे’ मिळाली आणि शेवटच्या क्षणी टाइमआउट घेण्याची प्रथाच रूढ झाली.

६/ येथे थांबून एक तपशील पाहणे अगत्याचे आहे. डॉसनची दुसरी किक हुकली नव्हती; ती ओकलंडच्या बचावफळीने हाताने अडवली. किकरचे मन गोठले म्हणून चेंडू अडला, असे म्हणण्यास यत्किंचितही आधार नाही. तरीही ही घटना ‘गोठवण्या’च्या यशोगाथेत आजवर मिरवते.

७/ सर्वांत प्रसिद्ध दाखला ६ जानेवारी २०१९ चा. शिकागो बेअर्स १५, फिलाडेल्फिया ईगल्स १६. कोडी पार्कीची ४३ यार्डांची किक साधली, पण ईगल्सचे प्रशिक्षक डग पेडरसन यांनी टाइमआउट घेतला होता. दुसरी किक डाव्या खांबावर आणि मग आडव्या दांडीवर आपटून बाहेर पडली. पार्की ‘गोठला’, असा गवगवा झाला.

८/ वस्तुस्थिती अशी की त्या चेंडूला ईगल्सच्या ट्रेव्हॉन हेस्टरची बोटे लागली होती. लीगनेही पुढे नोंद दुरुस्त करून ती किक ‘अडवलेली’ ठरवली. शिवाय त्याच हंगामात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, डेट्रॉइटविरुद्धच्या एकाच सामन्यात पार्कीने चार वेळा खांबाला चेंडू मारला होता. त्या खांबांना पेडरसन यांच्या टाइमआउटची गरज भासली नव्हती.

९/ म्हणजे या डावपेचाच्या तीन गाजलेल्या साक्षीदारांपैकी दोघांच्या चेंडूला प्रतिस्पर्ध्याचा हात लागलेला आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार. येथे तर फांदी दुसऱ्याच कोणी मोडली आणि श्रेय कावळ्याला मिळाले.

१०/ आता न बोलावलेले साक्षीदार. १३ जानेवारी २०१३, अटलांटा विरुद्ध सिएटल. मॅट ब्रायंटची ४९ यार्डांची किक उजवीकडे भरकटली. पण सिएटलचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी टाइमआउट घेतल्यामुळे ती धरलीच गेली नाही. ब्रायंटने दुसरी किक अचूक मारली. अटलांटा ३०-२८ असे जिंकले.

११/ २ डिसेंबर २००७, वॉशिंग्टन विरुद्ध बफेलो. जो गिब्स यांच्यासारख्या मुरब्बी प्रशिक्षकाने रायन लिंडेलला गोठवण्यासाठी लागोपाठ दुसरा टाइमआउट मागितला. नियमाने तशी मनाई आहे. १५ यार्डांचा दंड झाला. ५१ यार्डांची किक ३६ यार्डांवर आली. लिंडेलने ती साधली आणि बफेलो १७-१६ असे जिंकले.

१२/ ४ डिसेंबर २०११ रोजी तर डॅलसचे प्रशिक्षक जेसन गॅरेट यांनी घेतलेल्या टाइमआउटमुळे त्यांच्याच डॅन बेलीची साधलेली ४९ यार्डांची किक रद्द झाली. दुसरी फसली, जादा वेळेत ॲरिझोना १९-१३ असे जिंकले. या घटनेतून दुसरी किक पहिलीसारखीच जाईल याची शाश्वती नसते एवढेच सिद्ध होते. ४९ यार्डांवरून ती कधीच नसते.

१३/ किस्से दोन्ही बाजूंना सापडतात. म्हणून आकड्यांकडे वळणे भाग आहे. २००४ साली स्कॉट बेरी आणि क्रेग वुड या संख्याशास्त्रज्ञांनी २००२ व २००३ च्या हंगामांचा अभ्यास केला. निरभ्र दिवशी ४० यार्डांवरून किक साधण्याची शक्यता गोठवल्यास सुमारे १० टक्क्यांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष. २०१० मध्ये नदाव गोल्डश्मिड आणि सहकाऱ्यांनाही घट आढळली. डावपेचाच्या समर्थकांची ही सर्वांत भक्कम साक्ष असून ती दडवण्याचे कारण नाही.

१४/ मात्र २०११ साली टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी ‘स्कोरकास्टिंग’ या ग्रंथात अधिक हंगाम तपासले, तेव्हा फरक आढळला नाही. २०१३ मध्ये एमआयटीच्या क्रीडा-विश्लेषण परिषदेत २००० ते २०११ मधील सुमारे १२,००० किकचा अभ्यास मांडला गेला. अंतर, थंडी, वारा, मैदानाची उंची यांचा परिणाम स्पष्ट दिसला. गोठवण्याचा दिसला नाही.

१५/ ही विसंगती का? निर्णायक क्षणी गोठवलेल्या किक एका हंगामात मोजक्याच असतात. दोन हंगामांच्या तुटपुंज्या संख्येत चार-पाच खांबांचे आवाजही निष्कर्ष फिरवू शकतात. शिवाय प्रशिक्षक कोणतीही किक गोठवत नाहीत. जी हुकण्याजोगी वाटते तीच गोठवतात. वैद्याकडे गंभीर रुग्णच जात असतील, तर मृत्यूंच्या आकड्यावरून वैद्याला विषारी ठरवता येत नाही.

१६/ समर्थकांचा पुढचा युक्तिवाद मानसशास्त्राचा. सॉकरमधील पेनल्टी शूटआउटचा अभ्यास करणाऱ्या गेइर योर्डेट यांना असे आढळले की पंचाच्या शिट्टीसाठी अधिक ताटकळावे लागलेले खेळाडू अधिक चुकतात. मुद्दा वजनदार आहे. परंतु शूटआउटमधील अनेकांचा पेनल्टी हा व्यवसाय नसतो. एनएफएलच्या किकरची तर सारी नोकरीच वाट पाहण्याची: तासन्‌तास बसायचे आणि दीड सेकंदासाठी मैदानात उतरायचे.

१७/ उलट उशिराने घेतलेल्या टाइमआउटमुळे किकरला पुष्कळदा एक फुकटची रंगीत तालीम मिळते. वाऱ्याचा रोख कळतो, पायाखालची जमीन कळते, चेंडू धरणाऱ्याचा हात बसतो. ब्रायंटची पहिली किक आठवावी.

१८/ ‘उरलेला टाइमआउट वाया जाण्यापेक्षा वापरलेला बरा,’ हा शेवटचा बचाव. घड्याळात शून्य उरणार असेल तर तो मान्य करता येईल. पण ३०-४० सेकंद शिल्लक असतील तर किकनंतर प्रत्युत्तरासाठी तोच टाइमआउट सोन्याच्या मोलाचा ठरतो. परिणाम सिद्ध नसलेल्या उपायावर तो उधळणे हे चातुर्य खचित नव्हे.

१९/ मग प्रशिक्षक असे का करतात? २००७ साली मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी सॉकरमधील २८६ पेनल्टी तपासल्या. मधोमध उभे राहणे अधिक फायद्याचे असूनही गोलरक्षक बहुतेक वेळा डावी-उजवीकडे झेप घेत होते. काही न करता हरणाऱ्यावर ठपका येतो. काही तरी करून हरणाऱ्याला क्षमा मिळते. टाइमआउट ही प्रशिक्षकाची झेप होय.

२०/ या समजुतीची किंमत मात्र दुसराच मोजतो. ‘किकर गोठला’ असे म्हटले की वाऱ्याचा, अंतराचा, प्रतिस्पर्ध्याच्या बोटांचा हिशेब पुसला जातो आणि एका माणसाच्या मनोधैर्याचा जाहीर पंचनामा सुरू होतो. पार्कीची हुर्यो उडवली गेली. मार्च २०१९ मध्ये शिकागोने त्याला मुक्त केले. हेस्टरची बोटे कितीजणांच्या स्मरणात राहिली?

२१/ निकाल असा : किकरला गोठवल्याने किक हुकते, हे उपलब्ध पुराव्यांतील मोठ्या अभ्यासांनी सिद्ध होत नाही. लहान अभ्यासांतील घट निवडीच्या दोषातून मुक्त नाही. गाजलेले दाखले तपशिलात शिरताच ढासळतात. यापुढे समालोचकाने ‘गोठवले’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी चेंडूला कोणाचा हात लागला, हे एकदा संथ गतीत पाहून घ्यावे.

(समाप्त)