सॉफ्टवेअर मंत्रालयात, कसोटी मेळघाटात

खास प्रतिनिधी

धारणी : अंगणवाडीतून घरी नेण्याचा पोषण आहार लाभार्थ्याच्या चेहऱ्याची ओळख पटल्यावरच द्यावा, असा नियम १ जुलै २०२५ पासून देशभर लागू झाला. ही ओळख केंद्र सरकारच्या 'पोषण ट्रॅकर' या ॲपमधून, सेविकेच्या हातातील मोबाईलवर पटवायची असते. धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातील दोन तालुक्यांत मोबाईलची रेंज मिळणे हाच अनेक गावांत नशिबाचा भाग. तेथे सॉफ्टवेअरमधील त्रुटी ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. तिचा संबंध थेट गरोदर माता आणि बालकांच्या पोषणाशी येतो.

असा प्रश्न उभा राहिला की टॉवर वाढवा, मोबाईल बदला, असे उत्तर दिले जाते. धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून गाजले, तेव्हाही भर यंत्रसामग्रीवरच होता. ती आवश्यक आहेच. मात्र सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने तयार झाले, ते कोणी, कोठे तपासले आणि वापरणाऱ्याची तक्रार बनविणाऱ्यापर्यंत कशी पोहोचते, याची चर्चा क्वचितच होते.

पोषण ट्रॅकरचा राज्यातील आरंभ या दृष्टीने बोलका आहे. २०२१ मध्ये हे ॲप आले तेव्हा त्यात मराठी नव्हती. शासनाने आधी दिलेल्या मोबाईलची क्षमता अपुरी पडत होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी हे मोबाईल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. भाषा आणि मोबाईलची क्षमता या दोन्ही बाबी कोणत्याही अंगणवाडीत एक दिवस बसून कळल्या असत्या. त्या आंदोलनातून कळाव्यात, हा कार्यपद्धतीचा दोष होता.

सॉफ्टवेअर उद्योगाला हा धडा चार दशकांपूर्वीच मिळाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संगणकीय कामे रखडत आणि फसत असल्याने पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री आणि सहकाऱ्यांनी संस्थांच्या कार्यपद्धतीचे मोजमाप करणारा आराखडा तयार केला. 'सीएमएम' या नावाने तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरील संस्थेचे यश काही कर्तबगार व्यक्तींवर अवलंबून असते. वरच्या पायऱ्यांवर कामाची रीत लिखित व सर्वांसाठी समान होते, चुका मोजल्या जातात आणि शेवटी त्या मोजमापातून रीतच सुधारत जाते. पाचवी पायरी गाठणाऱ्यांत भारतीय कंपन्या आघाडीवर राहिल्या. परदेशी ग्राहकांसाठी अंगी बाणवलेली ही शिस्त आपल्याच सरकारी योजनांत मात्र अभावाने दिसते.

महाराष्ट्राने या शिस्तीच्या अभावाची किंमत मोजली आहे, आणि ती पाळल्याचा लाभही अनुभवला आहे. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या शेतकरी कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज भरून घेण्यात आले. दिवाळीचा मुहूर्त साधण्यासाठी १८ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रमाणपत्रे वाटली गेली. पाठोपाठ याद्यांतील घोळ उघड झाला. अनेक नावांपुढे एकच आधार क्रमांक असल्याचे आढळले आणि बँकांकडील माहितीशी मेळ बसेना. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत क्रम बदलला. अर्जांऐवजी बँकांकडील कर्जखात्यांची माहिती आधार मानली गेली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी केवळ ६८ गावांतील १५ हजार ३५८ खात्यांची यादी प्रथम प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन रक्कम तपासावी, मान्य नसल्यास तक्रार नोंदवावी, अशी सोय होती. त्यानंतरच पुढच्या याद्या आल्या. ही योजनाही तक्रारमुक्त नव्हती. मात्र लहान प्रमाणावर चाचणी घेऊन मग विस्तार, हे तत्त्व त्यात पाळले गेले.

मेळघाटात हेच तत्त्व लावायचे तर चाचणीचे गाव कोणते, हे महत्त्वाचे ठरते. रस्त्यालगतच्या गावात ॲप चालले म्हणून ते खोऱ्यातील पाड्यात चालेलच असे नाही. ऋतूचाही विचार हवा. कामासाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला गावी परततात. कुटुंब नसताना घेतलेली चाचणी निम्मीच. कोरकू भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे 'सर्व भाषांत उपलब्ध' या दाव्यात ती सहजच सुटून जाते. ओळख न पटल्यास आहार कसा द्यायचा, याची पर्यायी रीत आधीच ठरलेली असावी. सेविकेच्या प्रत्येक तक्रारीला क्रमांक, मुदत आणि उत्तर मिळावे; कंत्राटाचे देयक अशा निराकरणाशी जोडले जावे.

याने विलंब होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. शिवाय कार्यपद्धतीच्या नावाखाली कागदांचे ढीग वाढण्याचा आणि पायरीचे प्रमाणपत्र हेच साध्य बनण्याचा धोकाही खरा आहे. परंतु घाईने उरकलेल्या कामाची दुरुस्ती अधिक वेळ घेते, हे २०१७ ने दाखविले. कर्जमाफीची रक्कम काही महिने उशिरा मिळाली तरी कामी येते. सहा महिने ते तीन वर्षे या वयात बालकाचा चुकलेला आहार मात्र नंतर भरून निघत नाही. म्हणून नवी प्रणाली राज्यभर लागू करण्यापूर्वी तिची पहिली चाचणी मंत्रालयाजवळच्या केंद्रात न घेता धारणीसारख्या सर्वांत अवघड तालुक्यात घेतली जावी. येथे जी टिकेल, ती इतरत्र टिकण्याची शक्यता अधिक.