आधी पाठांतर, मग विचार? साफ अमान्य!

प्राथमिक शाळेत एका प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि त्यावर लाल फुली आली. उत्तर चुकीचं नव्हतं, फळ्यावरचं नव्हतं इतकंच. आज मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फोंडाघाटला घरी आलो की पुतणीच्या वहीत तीच फुली दिसते. वर ऐकायला मिळतं, "लहान आहेत, आधी पाठ होऊ दे, विचार पुढे करतील."

पुढे म्हणजे कधी? दहा वर्षं गप्प बसवलेलं मूल अकरावीत अचानक प्रश्न विचारू लागत नाही.

आपला घाटच घ्या. माथ्यावरचा पाऊस कोकणात उतरला तर अरबी समुद्राला मिळतो. दाजीपूरकडे वळला तर भोगावती, पंचगंगा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जातो. हे वाक्य घोकून घेता येतं. किंवा शाळेच्या अंगणात वाळूचा ढीग करून, तांब्याभर पाणी ओतण्याआधी विचारता येतं, "पाणी कुठे जाईल? असं का वाटतं?" मग ओता, पाहा, अंदाज का चुकला ते मुलांनाच बोलू द्या. खर्च शून्य.

प्रश्न विचारून थांबाही. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं सविस्तर येतात. आणि बरोबर उत्तरालाही विचारा, "तुला कसं कळलं?" आमच्या कामात कोड नुसता चालून भागत नाही, का चालला तेही सांगावं लागतं.

दोन शिक्षक, चार वर्ग, वर कागदपत्रं, हे मान्य. पण चौथीच्या मुलीने दुसरीतल्या भावाला कारण समजावणं अशाच वर्गात सहज घडतं.

ही मेहेरबानी नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ भयमुक्त वातावरण आणि कृतीतून, शोधातून शिकणं सांगतं. संविधानाचं कलम ५१(क) शोधक बुद्धी हे नागरिकाचं कर्तव्य मानतं. मोबाइलवरच्या एका अफवेने वस्ती पेटते तेव्हा आधी कोण होरपळतं, हे आपल्याला सांगायला नको. "हे कशावरून?" विचारणारी मुलं हवी असतील, तर ती घरात आपल्यालाही तेच विचारतील. तयारी ठेवा.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत मार्क नका विचारू. विचारा, "या महिन्यात मुलांनी कोणते प्रश्न विचारले?"