'खाय' म्हणजे चालू की बंद?

सेकंड इयरला मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने एक सेकंडहँड पॉवर सप्लाय घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून आम्ही जाम खूश! रूमवर आणून बघतो तर त्यावर इंग्रजीचं एक अक्षर नाही. सगळं चिनी. स्विचच्या दोन बाजूंना दोन चित्रविचित्र चिन्हं. रूम पार्टनरकडे कुणीतरी दिलेली एक पॉकेट चायनीज डिक्शनरी होती. अर्धा तास डोळे फोडून चिन्हं जुळवली आणि शोध लागला. एक चिन्ह 'खाय', अर्थ 'ओपन'. दुसरं 'क्वान', अर्थ 'क्लोज'. झालं! आम्ही पडलो इलेक्ट्रिकलच्या. ओपन म्हणजे सर्किट ओपन, म्हणजे करंट बंद. स्विच बिनधास्त 'खाय'वर टाकला आणि झाकण काढून स्क्रू ड्रायव्हर आत घातला.

ठिणगी उडाली, फ्यूज गेला आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या मजल्यावर अंधार. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी एकच प्रश्न विचारला, "प्लग का नाही काढला?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. चूक आमचीच होती, पण त्या डिक्शनरीबद्दल मी तेव्हापासून विचार करते आहे.

कारण डिक्शनरी खोटं बोलली नव्हती. 'खाय' म्हणजे उघडणे हे शंभर टक्के खरं. पण चिनी माणूस दिवासुद्धा 'उघडतो', म्हणजे चालू करतो. आपण नाही का, दार उघडतो पण दिवा 'लावतो' आणि नळ 'सोडतो'? गंमत म्हणजे त्याच 'खाय'पासून 'खाय-लू' हा शब्द होतो आणि त्याचा एक अर्थ चक्क ओपन सर्किट! म्हणजे एकाच चिन्हाने एका ठिकाणी वीज चालू आणि दुसऱ्या ठिकाणी बंद. एका शब्दापुढे एक अर्थ लिहून मोकळी होणारी डिक्शनरी तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. (आणि आपल्या खान्देशात 'खाय' म्हणजे काय, हे मेसमध्ये वेगळं सांगायला नको.)

म्हणून माझं स्पष्ट मत असं की चांगली डिक्शनरी जाडीवरून ठरत नाही. शब्द वाक्यात कसा वागतो हे जी दाखवते ती चांगली. जाडीच बघायची तर चीनमध्ये १७१६ साली पूर्ण झालेल्या कांगशी कोशात ४७,०३५ चिन्हं आहेत. ती २१४ मूळ घटकांखाली लावलेली आहेत. आपल्याला घेऊन काय करायचा? दुसऱ्या टोकाला 'शिन्हुआ' हा तिथल्या शाळकरी मुलांचा छोटा कोश. १९५३ पासून त्याच्या ५६ कोटींहून जास्त प्रती निघाल्या आणि २०१६ मध्ये गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पण तो चिनीतून चिनी. जगात सगळ्यात जास्त खपलेली डिक्शनरीसुद्धा नवशिक्याच्या कामाची नाही!

मग बघायचं काय? पहिली गोष्ट, शब्द सापडतो का? इंग्रजीत स्पेलिंग दिसलं की शब्द शोधता येतो. चिनीत चिन्ह समोर असतं, पण त्याचा उच्चारच माहीत नसतो. म्हणून रोमन लिपीतल्या उच्चारावरून (याला पिनयिन म्हणतात, ती १९५८ पासून अधिकृत आहे) आणि चिन्हाच्या घटकावरून अशा दोन्ही वाटा डिक्शनरीत हव्यात. मोबाइलवर बोटाने चिन्ह काढून शोधायची सोय असेल तर दुधात साखर. 'प्लेको' नावाच्या ॲपमध्ये ती आहे, मूळ ॲप फुकट आहे आणि नेट नसताना चालतं. होस्टेलच्या वायफायची अवस्था आपण सगळे जाणतोच!

दुसरी गोष्ट, सूर. 'माय' हा उच्चार खाली नेऊन वर आणला तर 'विकत घेणे' आणि वरून एकदम खाली आपटला तर 'विकणे'. केळीच्या व्यापाऱ्याने हा सूर चुकवला तर काय होईल, विचार करा. ज्या डिक्शनरीत सुरांच्या खुणा नाहीत ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जोडशब्द आणि वाक्यं. 'त्येन' म्हणजे वीज. त्यापुढे 'बोलणं' जोडलं की टेलिफोन, 'मेंदू' जोडला की कॉम्प्युटर. आमच्या होस्टेलच्या गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसतात. तसल्या औष्णिक केंद्राला चिनीत 'हुओ-त्येन-छांग' म्हणतात, शब्दशः 'आग-वीज-कारखाना'. एवढं कळलं की शब्द पाठ करावा लागत नाही, तो डोक्यात बसतो. अशी जोडशब्दांची कुटुंबं दाखवणारी डिक्शनरी शिक्षकाचं निम्मं काम करते.

कुणी म्हणेल, आता फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर होतं, डिक्शनरी कशाला? घाईच्या वेळी मीही कॅमेरा धरते. पण तो एकच उत्तर देतो आणि बाकीची उत्तरं शक्य होती हे तुम्हाला कळतही नाही. डिक्शनरी चार अर्थ समोर ठेवते आणि म्हणते, आता डोकं चालव. आमचा त्या रात्रीचा घोटाळा एकाच उत्तरावर भरवसा ठेवल्यामुळेच झाला ना?

आता जरा मनातलं बोलते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. कुठलाही नवा शब्द आला की माझ्या डोक्यात आधी इंग्रजी अर्थ उमटतो. चिनी शिकायला लागले तेव्हा वाटलं, हा आपला ॲडव्हान्टेज. पण झालं उलटंच. डिक्शनरीत 'शूशू' म्हणजे 'अंकल', 'पोपो' म्हणजे 'अंकल' आणि 'च्यौच्यौ' म्हणजेही 'अंकल'! डोकं गरगरलं. मग उदाहरणं वाचली तेव्हा कळलं की शूशू म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, पोपो म्हणजे थोरला आणि च्यौच्यौ म्हणजे सरळसरळ आपला मामा. तसंच 'वोमन' आणि 'चानमन', दोन्हीचा अर्थ 'वुई'. पण 'चानमन'मध्ये ऐकणाराही धरलेला असतो. अहो, म्हणजे आपलं 'आपण'! आणि 'वोमन' बरंचसं 'आम्ही'. आदराने बोलायला वेगळं 'नीन' आहे, इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच 'यू'.

म्हणजे जे मराठीत आहे आणि चिनीतही आहे, ते मधल्या इंग्रजीत सांडून जातं. उच्चाराचंही तेच. पिनयिनमधला 'बी' हा आपल्या 'प'च्या जवळचा आणि 'पी' हा 'फळ'मधल्या 'फ'च्या जवळचा. झेड लिहिलेला आवाज म्हणजे जवळजवळ 'चांगला'मधला 'च'. मराठी मुलाला हे दोन मिनिटांत जमावं, पण इंग्रजीतून समजून घेताना दोन आठवडे जातात. माझे गेले.

मराठीपुरतं हे काम एका परक्याने पूर्वीच करून ठेवलंय. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. कंपनी सरकारच्या साहेबांना मराठी यावी म्हणून तो केला होता. त्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत. पण माझ्या लेखी त्याची खरी किंमत वेगळी आहे. 'हात' शब्द काढला की त्याखाली हाताचे कितीतरी वाक्प्रचार रांगेने उभे राहतात. पंडितांच्या मदतीने, शब्द लोकांच्या तोंडात कसा फिरतो ते त्याने टिपलं. माझ्यासारखीला स्वतःची मातृभाषा नीट कळावी म्हणून आजही तोच उघडावा लागतो, हे सांगताना थोडी लाज वाटते, पण खरं आहे.

चिनी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या हाती असा कोश कधी येईल? तोवर वाट बघत बसायचं का? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. १९४२ मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. त्या चार वर्षांत युद्धाच्या धामधुमीत ते चिनी बोलायला शिकले. पेशंटला 'कुठे दुखतंय' हे विचारायला दुभाष्या सदानकदा बरोबर कसा असणार? गरज असली की माणूस शिकतो. आपल्या वर्कशॉपमधल्या किटवर, मोटारच्या ड्रायव्हरवर, स्वस्त सेन्सरवर चिनी अक्षरं रोज दिसतात. आपली गरज त्यांच्याएवढी मोठी नसेल, पण आहे.

तेव्हा मित्रांनो, डिक्शनरी घ्याल तेव्हा एक टेस्ट करा. तुम्हाला आधीच माहीत असलेले चार शब्द त्यात काढून बघा. 'मामा' काढा, 'आपण' काढा, 'उघडणे' काढा. चौथा तुमच्या ब्रांचचा काढा. नुसतं 'अंकल', 'वुई', 'ओपन' लिहिलं असेल तर खाली ठेवा. वाक्यं दिली असतील तर घ्या आणि समासात पेन्सिलने मराठी अर्थ लिहीत जा. एका वर्षात तुमच्याकडे दुकानात न मिळणारी डिक्शनरी तयार होईल. माझ्या वहीत आतापर्यंत तीनशेच्या वर शब्द झाले आहेत. पहिल्या पानावर पहिला शब्द आहे 'खाय'. अर्थ लिहिलाय: उघडणे, चालू करणे, आणि पुढे लाल पेनने, 'आधी प्लग काढणे'!