सवंगडी कोण?

मुलगा रात्ररात्र संगणकावर खेळत बसतो, ही आज घरोघरीची तक्रार आहे. ती खोटी नव्हे. तासांवर मर्यादा हवीच. परंतु त्याला तेथे नेमके काय धरून ठेवते, हे किती पालक विचारतात?

२००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चेच पाहा. वरवर सारा शस्त्रांचा नि राक्षसांचा मामला. प्रत्यक्षात त्यातील आरंभीच्या मोठ्या मोहिमांना ४० खेळाडू लागत. कोणी घाव अंगावर घ्यायचे, कोणी जखमा भरायच्या, उरलेल्यांनी प्रहार करायचा. जखमा भरणाऱ्यांनी हयगय केली, की तलवारी कितीही धारदार असोत, सगळेच गारद! खरे मोल सोबत्यांचे.

नॉर्वेचा मॅट्स स्टीन या खेळात रमला होता. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य आजाराने तो चाकांच्या खुर्चीला खिळलेला. मुलगा मित्रांविनाच जगला, असे आईवडिलांना वाटे. २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. वडिलांनी ती वार्ता संगणकावरून कळवली आणि देशोदेशींच्या अनोळखी माणसांची सांत्वनपत्रे येऊ लागली. कोणा आईला त्याने तिच्या मुलाच्या जवळ आणले होते. नेदरलँड्समधील एका मुलीचा संगणक पालकांनी काढून घेतला, तेव्हा याने त्या पालकांनाच पत्र धाडले होते. रागावून नव्हे, समजावून. (त्याच्यावरील माहितीपट २०२४ मध्ये आला, तो घरच्यांनी एकत्र पाहावा.)

त्या सवंगड्यांपैकी काही जण परदेशांतून अंत्यविधीला आले. आईवडील त्यांना प्रथमच पाहत होते.