कांद्याला सावली, माणसाला?

आधीच कबूल करते. मी पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेच्या आवारात मराठी बोलताना सापडलं की पाच रुपये दंड असायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. हा लेख इंग्रजी विभागाला देता आला असता, पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्याशी मी इंग्रजीत कधी बोललेच नाही!

मित्रांनो, एप्रिल उजाडला की आपल्या होस्टेलवर एकच विषय असतो, उकाडा. तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या म्हणजे भट्टी, रात्री दोनपर्यंत गच्चीवर चादरी, आणि मेसच्या फ्रीजमधल्या गार पाण्याच्या बाटल्यांवरून भांडणं. गेल्या वर्षी कॉरिडॉरमध्ये कूलर बसवावेत म्हणून रेक्टर मॅडमना अर्ज गेला. त्यावर माझीही सही होती. सही करून मी पीएलसाठी घरी गेले. आणि घरी जे पाहिलं त्यानंतर त्या अर्जाची थोडी लाज वाटली. (कूलर अजून आलेले नाहीत, ते सोडा.)

आमचं गाव विंचूर, तालुका निफाड. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना निफाडच्या पुढे लागतं. इतिहासवाल्यांना पेशवाईतले विंचूरकर सरदार माहीत असतात, बाकीच्यांना वाईन पार्क. पण आम्हाला विचाराल तर विंचूर म्हणजे कांदा. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या गावात आहे, आणि सीझनला रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. आमची शेती पावणेतीन एकर. दोन एकर उन्हाळ कांदा, बाकी थोडा मका, थोडा घास, दोन संकरित गाई आणि एक कांदा चाळ. झालं आमचं साम्राज्य!

निफाड पेपरात येतं ते थंडीसाठी. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा खाली गेला की लगेच फोटो छापून येतो, द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्या वगैरे. उन्हाळ्यात त्याच निफाडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फारसं कोणी विचारत नाही. ही गंमत फक्त पेपरातली नाही. आपत्तीत मदत देण्यासाठी केंद्र सरकारचे जे निकष २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरले, त्यात बारा आपत्ती होत्या. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि बारावी म्हणजे दंव व थंडीची लाट. थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो, कारण गार दिसते. उन्हाचा पंचनामा कशाचा करणार?

आता मुद्द्यावर येते.

मी घरी पोचले तेव्हा कांदा काढणी चालू होती. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ कांदा उपटला की लगेच चाळीत भरत नाहीत. पातीसकट दोन-तीन दिवस शेतातच वाळवतात. पण थेट उन्हात कांदा भाजतो, त्यावर चट्टा पडतो आणि पुढे तो सडतो. म्हणून ओळ अशी लावायची की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर आली पाहिजे. पात म्हणजे कांद्याचं पांघरूण. मग पात कापायची, इंच-दीड इंच मान ठेवून, आणि पुन्हा काही दिवस सावलीत ढीग लावून सुकवायचा. कांद्याच्या सावलीबद्दल आमच्याकडे इतकी काळजी घेतात!

ही पात कापायला आमच्याकडे सुरगाण्याकडची टोळी येते. बहुतेक बायका. काम उक्तं असतं, म्हणजे एकराचा भाव ठरलेला. जितक्या लवकर एकर उरकेल तितक्या लवकर दुसऱ्या शेतात जायचं. त्यामुळे कोणी थांबा म्हणत नाही आणि कोणी थांबतही नाही. डोक्याला पदर, वरून टॉवेल, हातात विळा, आणि दिवसभर उकिडवं बसून काम.

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास मी पाणी घेऊन शेतात गेले. टोळीतल्या एक मावशी, माझ्या मम्मीच्या वयाच्या असतील, मी हाक मारली तरी ओ देईनात. विळा हातात, पण हात चालत नव्हता. काहीतरी असंबद्ध बोलल्या आणि तिथेच कलंडल्या. अंगाला हात लावला तर तवा. घाम नाही. एकच ओरडा झाला, "ऊन लागलं, ऊन लागलं!" कोणीतरी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. आमच्याकडे तोच पहिला उपाय. सगळ्या शेतात कांदाच कांदा, आणि त्यातलाच एक नाकाशी! मला हसू का रडू कळेना. माझं शिक्षण तिथे काहीच कामाला आलं नाही, खरं सांगते. मी नुसती उभी.

माझ्या आजोबांनी (आम्ही त्यांना बाबा म्हणतो) त्यांना उचलून बांधावरच्या निंबाखाली आणायला लावलं, गाईंच्या हौदातल्या पाण्यात चादर भिजवून अंगावर टाकली आणि वरून पाणी ओतत राहिले. पप्पांनी १०८ ला फोन केला. पुढे डॉक्टर म्हणाले की अंग गार केलं तेच बरोबर केलं, वाट बघत बसला असता तर जड गेलं असतं. त्यांनी अजून एक सांगितलं, की अशा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आम्ही तेच करायला निघालो होतो.

मावशी वाचल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आल्या. मी म्हटलं, "मावशी, अजून दोन दिवस आराम करा ना." त्या म्हणाल्या, "नाही आले तर वाट्यात माझं नाव नाही, बाय." उक्त्या कामात पैसे टोळीत वाटले जातात, जी हजर नाही तिचा वाटा नाही.

त्या रात्री घरात वाद झाला. मी म्हणाले, अकरा ते चार काम बंद ठेवायचं. पप्पा म्हणाले, "तुला बोलायला काय जातं? अवकाळीचे ढग आले तर सगळा माल भिजेल. टोळीला पुढचं शेत आहे. एक दिवस वाढला तर तो खर्च तुझं कॉलेज देणार का?" पप्पांचंही चूक नव्हतं. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली ती २०२४ च्या मे महिन्यात उठली, तेव्हा आमच्या भागातल्या प्रत्येक घराचं गणित कोलमडलं होतं. ज्याला कांद्याचा भावच माहीत नाही, तो सावलीवर खर्च कसा करणार?

शेवटी बाबांनी तोड काढली. पहाटे साडेपाचला काम सुरू, अकराला बंद, चारला पुन्हा सुरू, अंधार पडेपर्यंत. पप्पांनी आमच्या जुन्या रोपवाटिकेची हिरवी शेडनेट चार बांबूंवर बांधून दिली, दोन माठ आणि ओआरएसची पाकिटं ठेवली. मुकादम कुरकुरला. टोळीचा एक दिवस वाढला, त्याचे वरचे पैसे पप्पांनी दिले. आमचा खर्च वाढला, ते मी लपवत नाही. पण सकाळच्या गारव्यात काम जास्त होतं हे मुकादमानेच नंतर कबूल केलं. आम्हाला भीती होती दोन-तीन दिवस वाढतील याची, वाढला एकच.

माझं मत असं आहे, की हा एक दिवस एकट्या पावणेतीन एकरवाल्याच्या खिशातून जाऊ नये. कांदा चाळीला सरकारी अनुदान मिळतं, ते मिळालंच पाहिजे. पण त्याच अनुदानात कामगारांसाठी एक शेडनेट, पाण्याची टाकी आणि ओआरएस का धरू नये? चाळीच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे. कतारसारख्या देशात २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. आपल्याकडे अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला. पण तो शहराचा. शेतात ना महापालिका, ना रेक्टर. अर्ज कोणाकडे करायचा?

दुसरी गोष्ट थोडी आपल्या ब्रँचची. पीएलमध्ये मी हीट ट्रान्सफरची गणितं सोडवत बसले होते, चाळीच्या कडेला, खाटेवर. बाबा आले आणि म्हणाले, "पत्र्याखाली किती गरम होतं ते आहे का गं तुझ्या पुस्तकात?" मी म्हटलं, "आहे की, रेडिएशन." ते म्हणाले, "मग सांग, किती?" मला सांगता येईना! पुस्तकात भिंतीची जाडी दिलेली असते, वरच्या बाजूचं तापमान दिलेलं असतं. इथे काहीच 'दिलेलं' नव्हतं.

मग औषधांच्या दुकानातून साधा थर्मामीटर आणला, भिंतीला लावायचा. दुपारी तीन वाजता निंबाखाली ४१, चाळीत पत्र्याच्या खाली कांद्याच्या थरावर ४७. साठवणीत कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. म्हणजे आमचा कांदा चाळीत आरामात नव्हता, तोही उक्त्यावरच होता. चार-पाच महिन्यांच्या साठवणीत पंचवीस ते चाळीस टक्के घट येते असं सगळेच सांगतात. त्यात सड असते, कोंब असतात, पण नुसतं उन्हाने उडालेलं वजन पण असतं, आणि ते कोणाला दिसत नाही. लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. विकिरणाने कोंब थांबतात, पण पत्र्याखाली सुकून उडालेलं पाणी परत येत नाही.

आम्ही पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले आणि त्यावर शेजारच्या उसाचं पाचट पसरून दोरीने बांधलं. पश्चिमेच्या बाजूला जुन्या साड्यांचा पडदा, पण खालून वारा खेळता ठेवला, कारण चाळ कोंदली की कांदा सडतो. पुन्हा तीन वाजता बघितलं तर ४२. बाहेर तेव्हाही ४१ च होतं. एका दुपारचे आकडे आहेत, याला कोणी संशोधन म्हणू नका. आणि पाचट वाळलेलं असतं, ठिणगी पडली तर सगळं जाईल, म्हणून चाळीतली वायर काढून टाकली. पहिल्या पावसाआधी पाचटही उतरवायचं, नाहीतर ओल धरते. चुना आणि दोरी सोडून खर्च शून्य.

तिसरं, शेततळं. आमच्या शेजाऱ्यांचं ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं. प्लास्टिकने पाणी खाली मुरत नाही, पण वर उडतंच ना? मे महिन्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी ९०० चौरस मीटरवरून रोज ७२०० लिटर पाणी जातं. पाच हजार लिटरचा ट्रॅक्टरचा टँकर असतो, तसा रोज जवळजवळ दीड टँकर हवेत! हे गणित मी त्यांना वहीच्या पानावर करून दाखवलं. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तू आधी का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रोबोट बनवत होते. काळ्या रेषेवरून चालणारा.

आता आपल्याबद्दल. आपल्या कॉलेजात निम्मी मुलं-मुली शेतकऱ्यांच्या घरातली आहेत. तरी दरवर्षी प्रोजेक्ट कोणते? रेषेवरून चालणारा रोबोट, आणि तो कंटाळवाणा 'ऑटोमॅटिक इरिगेशन', ज्याचं किट बाजारातून येतं आणि सबमिशन झालं की कपाटात जातं. चाळीचं छप्पर, शेततळ्याचं झाकण, उचलून नेता येईल असा सावलीचा मांडव, जो ओळीबरोबर पुढे सरकेल, हे विषय कोणी घेत नाही. व्हायवाला मार्क मिळणार नाहीत अशी भीती असते. सरांना नम्र विनंती, की एक तरी बॅच या विषयावर जाऊ द्या. जागा मी देते, पावणेतीन एकर. बाबा गाईड म्हणून चालतील, फक्त ते जर्नलवर सही मोडीसारखी करतात.

आणि कूलरच्या अर्जाचं? तो मी मागे घेत नाहीये. उकाडा आपल्यालाही होतो, खोटं कशाला बोला. पण यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा. शेतात दुपारी कोण आहे ते बघा. त्याला सावली आहे का बघा. आणि कोणी हाकेला ओ देईनासं झालं तर कांदा शोधत बसू नका. सावलीत आणा, पाणी ओता, १०८ ला फोन करा.

गेल्या आठवड्यात मम्मीचा फोन आला. टोळी यंदाही येणार आहे, मावशींनी निरोप पाठवलाय. विचारत होत्या, यंदा मांडव घालणार ना?

— टी. ई. मेकॅनिकल